उथळ समुद्रातले बर्फाचे वरंबे उपग्रहातून कसे टिपायचे? (उत्तर कास्पियन)

उत्तरवारा

उत्तर कास्पियन समुद्राचा ईशान्य कोपरा (कझाकस्तानची बाजू), उराल नदीच्या मुखापासून काशागान तेलक्षेत्राच्या आसपासपर्यंत, एवढ्या भागातल्या हिवाळी बर्फाच्या वरंब्यांचा, म्हणजे बर्फ एकमेकांवर रेटून उभ्या राहिलेल्या ढिगांच्या रांगांचा, नकाशा करायचा आहे. पाणी तीन ते पाच मीटर. बर्फ साधारण नोव्हेंबरअखेर धरतो आणि मार्चपर्यंत टिकतो. हाताशी फक्त मोफत विदा (डेटा) आहे: युरोपच्या सेंटिनेल-१ चं रडार, सेंटिनेल-२ ची चित्रं आणि नासाच्या आइससॅट-२ चा लेझर.

सध्याची पद्धत अशी. रडारच्या व्हीएच चित्रात (उभी लाट पाठवून परतलेली आडवी लाट टिपतात ते) ठरावीक किमतीपेक्षा उजळ तो वरंबा. जिथे लेझरचा माग त्यावरून जातो तिथे उंची घ्यायची. मग पाण्याखालचा भाग (कील) वरच्या उंचीच्या ४.४ पट धरायचा. या हिशोबाने ५ मीटरच्या वरंब्याखाली २२ मीटरचा कील निघतो आणि पाणी तर ४ मीटर! उजळ रेघांपैकी निम्म्या पुढच्या चित्रात जागेवर नसतात, हा दुसरा घोळ. पद्धतीत नेमकं काय चुकतंय?

सरीवरंबा

४.४ हा आकडा चुकीचा नाही, तो चुकीच्या जागी वापरलाय. एका हिवाळ्यात तयार झालेल्या आणि तरंगत्या वरंब्यांची मोजमापं गोळा केली तेव्हा कील आणि सेल (पाण्यावरचा भाग) यांचं सरासरी गुणोत्तर तेवढं आलं. म्हणजे खोल पाण्यात, जिथे डबर (फुटलेल्या बर्फाचे ठोकळे) मोकळेपणाने खाली जाऊ शकतं तिथलं. ४ मीटर पाण्यात कील तळाला टेकला की त्याला खाली जायला जागाच उरत नाही. वाऱ्याने मागून बर्फ ढकलला जातच असतो, त्यामुळे पुढचं सगळं डबर वर चढतं. म्हणून ४ मीटर पाण्यात ६ मीटर, कधी त्याहून उंच ढीग दिसतो. त्याचा कील ४ मीटरच, कारण त्याखाली समुद्रतळ आहे.

अशा तळाला टेकलेल्या ढिगाला रशियन भाषेत स्तामुखा म्हणतात आणि जगभर तोच शब्द चालतो. तरंगत्या वरंब्याला तोरोस. तुमच्या नकाशात हे दोन वेगळे वर्ग हवेत, कारण दोघांचं वागणं अगदी निराळं आहे. वरंबा आज इथे, उद्या दहा किलोमीटरवर. स्तामुखा डिसेंबरात बसला तर सहसा मार्चपर्यंत तिथेच. तुमच्या निम्म्या रेघा गायब होतात त्या तरंगत्या आहेत. ते उत्तर चित्रांनीच दिलंय.

उथळ समुद्रात पहिला प्रश्न उंची किती हा नाहीच. टेकलाय की नाही हे आधी ठरवायचं. त्याचा भरवशाचा पुरावा एकच: जागा न सोडणं. सहा-आठ चित्रांत तोच ठिपका त्याच जागी असेल आणि भोवतालचा बर्फ सरकत असेल, तर तो टेकलेला आहे. उंची, उजळपणा, आकार हे सगळे पूरक पुरावे.

दुसरा पुरावा डोळ्यांना सुंदर दिसतो. ओढ्याच्या मध्ये दगड असला की मागे पाण्याची शेपटी पडते ना, तसंच. वाहता बर्फ स्तामुख्यावर आपटून दुभंगतो आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला मोकळ्या पाण्याचा काळा पट्टा उघडतो. काही तासांत त्यावर पातळ, गडद करडा बर्फ धरतो. सेंटिनेल-२ च्या चित्रात टोकाशी पांढरा ठिपका आणि मागे लांब काळी शेपटी दिसली की पडताळणी झाली. शेपटी वाकडी असेल तर वारा मधे फिरला असं समजा.

रडारघाट

रडारच्या बाजूचं सांगतो. या भागात सेंटिनेल-१ बहुतेक आयडब्ल्यू (रुंद पट्ट्याच्या) पद्धतीने, व्हीव्ही (पाठवलेली आणि टिपलेली दोन्ही लाटा उभ्या) आणि व्हीएच या जोडीत टिपतो. पट्टा २५० किमी, जीआरडी (जमिनीवरच्या अंतरात मांडलेल्या) चित्रात पिक्सेल १० मीटरचा, खरी सुस्पष्टता साधारण २० मीटर. लाटेची लांबी ५.५ सेंटीमीटर.

स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमधला क्रम: कक्षेची फाइल लावा, औष्णिक गोंगाट काढा, सिग्मा शून्यात (पृष्ठभाग किती परावर्तन देतो त्याचं माप) कॅलिब्रेट करा, मग भूरूप दुरुस्ती (उंची धरून चित्र खऱ्या जागी बसवणं), आणि शेवटी डेसिबल. गोंगाट काढण्याची पायरी व्हीएचसाठी अजिबात गाळू नका. सपाट बर्फाचं व्हीएच उत्तर यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाच्या पातळीजवळ असतं. पायरी गाळली तर उपपट्ट्यांच्या शिवणींवर उजळ उभ्या पट्ट्या उमटतात आणि ठरावीक किमतीची चाळणी त्यांना वरंबा समजते.

अख्ख्या चित्राला एकच किंमत लावणं हीच मुळात चूक आहे. पट्ट्याच्या जवळच्या कडेला आपाती कोन सुमारे ३० अंश, दूरच्या कडेला सुमारे ४६. सपाट बर्फ कोन वाढेल तसा झपाट्याने काळवंडतो, डबर कमी काळवंडतं. म्हणून वरंबे दूरच्या कडेला उठून दिसतात आणि जवळच्या कडेला बुडतात. उपाय सोपा आहे: प्रत्येक पिक्सेलची तुलना भोवतालच्या सुमारे एक किलोमीटर चौकटीच्या मध्यकाशी करा आणि मध्यकापेक्षा किती डेसिबल वर आहे ते पाहा. सुरुवात ३ ते ४ डेसिबलपासून करा, मग सेंटिनेल-२ शी ताडून सरकवा.

आता टिकाऊपणाची चाचणी. एकाच सापेक्ष कक्षेची (तोच माग पुन्हा धरणारी) चित्रं घ्या, म्हणजे कोन सगळीकडे तोच राहतो. एका उपग्रहाची पुन्हा भेट १२ दिवसांनी, दोन असताना ६ दिवसांनी. सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि १सी डिसेंबर २०२४ मध्ये उडाला, त्यामुळे मधल्या हिवाळ्यांत चित्रं विरळ आहेत, हे आधीच धरून चाला. आठ चित्रांचा गठ्ठा केला की प्रत्येक पिक्सेलसाठी खालून दुसरी किंमत घ्या. सगळ्यांत खालची नको. एखाद्या दिवशी तापमान शून्याच्या वर गेलं, बर्फावर ओल धरली, की अख्खं चित्र काळवंडतं आणि ते एकच चित्र सगळे स्तामुखे पुसून टाकतं.

या गठ्ठ्यात जे उजळ राहिलं ते जागा न सोडणारं. त्यातून माणसाने बांधलेलं काढावं लागतं: काशागानची कृत्रिम बेटं, त्यांच्याभोवतीचे दगडी बर्फरोधक बांध, विहिरींची ठिकाणं. किनाऱ्याजवळचे बोरूच्या पाणगवताचे पट्टेही हिवाळ्यात उजळच दिसतात. जुलै-ऑगस्टच्या चित्रांचा तसाच गठ्ठा करा. उन्हाळ्यातही जे उजळ ते वगळा.

उत्तरवारा

गठ्ठा केला की एक विचित्र गोष्ट दिसते. चढत्या (उत्तरेकडे जाणाऱ्या) कक्षेच्या गठ्ठ्यातला स्तामुखा आणि उतरत्या (दक्षिणेकडे येणाऱ्या) कक्षेच्या गठ्ठ्यातला तोच स्तामुखा एकमेकांपासून सहा-सात पिक्सेल दूर पडतात, पूर्व-पश्चिम. बाकी किनारा बरोबर जुळतो.

रडारघाट

भूरूप दुरुस्तीऐवजी 'एलिप्सॉइड करेक्शन' वापरलंय का तपासा, किंवा उंचीच्या नकाशात समुद्राच्या जागी शून्य भरलंय का ते. कास्पियन हा जागतिक समुद्रपातळीच्या खूप खाली आहे, उणे २८-२९ मीटर. सॉफ्टवेअर पाणी शून्यावर धरतं तेव्हा खरा पृष्ठभाग त्याला अपेक्षेपेक्षा लांब सापडतो आणि ते त्याला रडारपासून दूर सरकवून मांडतं.

हिशोब करा: सरकणं = उंचीतली चूक भागिले आपाती कोनाचा टॅन. २८ भागिले टॅन ३८, म्हणजे सुमारे ३६ मीटर. चढत्या कक्षेत रडार पूर्वेकडे पाहतं म्हणून ठिपका पूर्वेला सरकतो, उतरत्यात पश्चिमेला. दोघांत ७० मीटर, तुमचे सात पिक्सेल. जिऑइड (सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग) आणि एलिप्सॉइड (पृथ्वीचा गणिती आकार) यांतला स्थानिक फरकही त्यात मिसळलेला असतो.

किनारा जुळतो याचं कारण तिथे उंचीच्या नकाशात खऱ्या किमती आहेत. कोपर्निकसचा ३० मीटरचा उंचीनकाशा लावून रेंज-डॉप्लर (भूरूप) दुरुस्ती करा, कास्पियनच्या जागी उणे किंमत आहे याची दोन-चार ठिकाणी खात्री करा, आणि 'उंची नसलेला भाग झाका' ही खूण काढून टाका, नाहीतर समुद्रच गायब होऊ शकतो. अरबी समुद्रासाठी केलेली कार्यपद्धती जशीच्या तशी इथे लावली की नेमकी हीच चूक होते.

फोटॉनमाळ

लेझरबद्दल. आइससॅट-२ सप्टेंबर २०१८ पासून वर आहे. हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेझर, सेकंदाला दहा हजार स्पंद, मागावर दर ०.७ मीटरला एक. सहा किरण, तीन जोड्यांत. जोड्यांमध्ये ३.३ किमी आणि जोडीतल्या दोघांत ९० मीटर अंतर. प्रत्येक जोडीत एक सबळ, एक दुबळा, ऊर्जेचं प्रमाण सुमारे ४ ला १. वरंब्यासाठी सबळच घ्या. कोणता सबळ हे उपग्रहाच्या तोंडावर ठरतं: पुढे तोंड असताना उजवे, मागे असताना डावे. फाइलमध्ये दिशेचा एक रकाना असतो, शून्य म्हणजे मागे, एक म्हणजे पुढे. तो वाचायचा राहिला की नकळत दुबळ्या किरणावर काम होतं आणि वरंबे निम्मे सापडतात.

तयार समुद्री-बर्फ उत्पादनांच्या, म्हणजे एटीएल०७ आणि एटीएल१० च्या, नादी इथे लागू नका. दोन कारणं. एक, त्यात १५० फोटॉन गोळा होईपर्यंतच्या लांबीची सरासरी घेतात, त्यात अरुंद माथा घासून निघतो. दोन, एटीएल१० मध्ये किनाऱ्यापासून २५ किलोमीटरच्या आतला बर्फ गाळलेला असतो. उथळ समुद्रात वरंबे टेकतात ते नेमके त्याच पट्ट्यात. म्हणून थेट एटीएल०३, सुटे फोटॉन.

फोटॉनच्या विश्वासार्हतेच्या खुणेला पाच रकाने असतात: जमीन, महासागर, समुद्री बर्फ, जमिनीवरचा बर्फ, अंतर्गत जलाशय. तुमच्या तुकड्यात समुद्री बर्फाच्या रकान्यात उणे एक दिसलं तर दचकू नका. त्याचा अर्थ हा भाग त्या वर्गात धरलेलाच नाही. तेव्हा जलाशयाचा रकाना वापरा, त्यातले ३ आणि ४ घ्या.

पुढची रीत: एक किलोमीटरच्या सरकत्या खिडकीत फोटॉनच्या उंचीचा विसावा शतमक काढा, ती सपाट बर्फाची पातळी. ती वजा करा. मग मागावर पाच-पाच स्पंदांचे गट करून प्रत्येकातला ९९वा शतमक घ्या, हा त्या जागचा माथा. सर्वांत वरचा फोटॉन घेऊ नका, उन्हात भटके फोटॉन हवेत कुठेही सापडतात. सपाट पातळीपेक्षा ०.६ मीटर वर असेल तरच वरंबा म्हणा. शेजारचे दोन माथे वेगळे तेव्हाच धरा, जेव्हा मधली खोलगट जागा उंच माथ्याच्या निम्म्याहून खाली जाते. नाहीतर एकाच ढिगाचे पाच वरंबे मोजले जातात.

पाण्याची पातळी शोधताना सांभाळा. गुळगुळीत पाणी किंवा कोवळा बर्फ आरशासारखा वागतो आणि एकदम खूप फोटॉन परत येतात. फोटॉन टिपणाऱ्या यंत्राला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही, त्यामुळे खऱ्या पृष्ठभागाखाली सुमारे ०.४५ मीटरच्या टप्प्याने खोटे थर उमटतात, शिवाय २.३ आणि ४.२ मीटर खालीही. चार मीटर पाण्यात ४.२ मीटर खाली एक सुबक रेघ दिसली की समुद्रतळ सापडला असं वाटतं. ती यंत्राची सावली आहे. व्होल्गा आणि उरालच्या गाळाने हे पाणी इतकं गढूळ असतं की तिथे तळ दिसण्याचा भरवसा धरूच नये. सगळ्यांत खालचा फोटॉन म्हणजे पाणी, हे गृहीतक इथे सोडून द्या.

उत्तरवारा

म्हणजे सपाट बर्फाची जाडी लेझरवरून काढता येणार नाही?

फोटॉनमाळ

नाही. ३० सेंटीमीटरचा बर्फ पाण्यावर जेमतेम ३ सेंटीमीटर असतो. पातळीत तेवढीच चूक झाली की जाडी शून्य किंवा दुप्पट. लेझर इथे उंच गोष्टींसाठीच वापरा.

आणि माग किती मिळतील याचीही अपेक्षा माफक ठेवा. पूर्ण चक्र ९१ दिवसांचं, १३८७ माग. ४६ अंशांवर शेजारच्या दोन मागांत सुमारे २० किमी. मध्य अक्षांशांत जमिनीवर झाडोरा मोजायला उपग्रह मुद्दाम थोडा बाजूला वळवतात, त्यामुळे तोच माग पुन्हा तंतोतंत मिळेलच असं नाही. त्यात ढग. एका हिवाळ्यात एखाद्या ठरावीक स्तामुख्यावरून माग गेला तर नशीब. लेझरने वर्गाची उंची काढा, एकेका ढिगाची नाही.

सावलीमाप

उंच स्तामुख्यांसाठी सेंटिनेल-२ ची सावली वापरता येते, पण मर्यादा समजून. उंची = सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीकोनाचा टॅन. ४६.५ अंश उत्तरेला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेदहाच्या स्थानिक वेळेला सूर्य साधारण २१ अंशांवर. टॅन ०.३८. पाच मीटरच्या ढिगाची सावली १३ मीटर, म्हणजे सव्वा पिक्सेल. तुम्ही अर्धा पिक्सेल इकडेतिकडे मोजलात की उंचीत २ मीटरची चूक. म्हणून चार-पाच मीटरखालच्या ढिगाला ही पद्धत लावूच नका. २० फेब्रुवारीला सूर्य २९ अंशांवर येतो, सावल्या आणखी तोकड्या.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ढिगाचा उतार सूर्याच्या कोनापेक्षा सौम्य असेल तर सावली ढिगाबाहेर पडतच नाही. पसरट डबराचं मोठं मैदान, पाच मीटर उंच असूनही, सावलीच्या हिशोबात शून्य येईल. सावली नाही म्हणजे उंची नाही असं लिहू नका.

सावली निळ्या पट्ट्यात मोजू नका, आकाशाच्या विखुरलेल्या उजेडाने ती फिकी पडते. लाल किंवा निकट-अवरक्त, दोन्ही १० मीटरचे. सूर्याचा कोन प्रत्येक टाइलच्या माहितीफाइलमध्ये दिलेला असतो, तो शिरोबिंदूपासूनचा, म्हणजे ९० मधून वजा करायचा.

सगळ्यात सोपी आणि भक्कम पडताळणी मात्र मार्चअखेर-एप्रिलला होते. सपाट बर्फ वितळून जातो, स्तामुखे मागे राहतात. निळ्या-हिरव्या पाण्यात एकटे पांढरे ठिपके. त्या चार-पाच चित्रांवर हाताने खुणा करून ठेवा. रडारच्या गठ्ठ्याला किंमत ठरवायला याहून चांगला आधार मोफत विदेत मिळणार नाही.

खारजमीन

रडारघाट यांच्या पद्धतीत एक भर. डाग (रडारचित्रातला दाणेदारपणा) कमी करायला बरेच जण सवयीने रिफाइन्ड ली चाळणी, ७ बाय ७, लावतात. वरंबा एक-दोन पिक्सेल रुंदीचा असतो, तो त्यात विरघळतो. स्थिर गोष्टीसाठी काळाच्या दिशेने सरासरी घ्या. एकमेकांशी संबंध नसलेल्या आठ चित्रांच्या सरासरीने डाग पावणेतीन पटीने घटतात आणि कडा शाबूत राहतात. तरंगत्या वरंब्यांना हे चालत नाही, तिथे एकाच चित्रावर ३ बाय ३ पुरे.

आणखी एक गफलत: बर्फफोडी जहाजांचे मार्ग. कझाकस्तानच्या बाउतिनो बंदरातून तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या वाटेत फुटलेल्या बर्फाचे तुकडे पुन्हा गोठतात, रडारमध्ये उजळ रेघ उमटते. ती वरंब्यासारखीच दिसते, पण फार सरळ असते, एकमेकींना समांतर असते आणि दोन्ही टोकं कुठेतरी जाऊन पोचतात. अशा रेघा हाताने काढाव्या लागतात. स्वयंचलित चाळणीवर विसंबू नका.

व्हीव्हीत वाऱ्याने खवळलेलं मोकळं पाणीही उजळ दिसतं, कोवळ्या बर्फावरची तुषारफुलं (हिमस्फटिकांचे झुपके) ही. व्हीएचमध्ये पाणी काळंच राहतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की निम्मे संशय तिथेच मिटतात.

मापपट्टी

खोलीबद्दल कोणी बोललं नाही, आणि टेकलाय का हा प्रश्न तर खोलीवरच उभा आहे. कास्पियनच्या सागरी नकाशांची आधारपातळी उणे २८.० मीटर आहे, बाल्टिक समुद्रावरच्या क्रोनश्टाटच्या शून्यापासून (रशियन उंचीमोजणीचा आधार) मोजलेली. समुद्र मात्र त्या पातळीवर थांबलेला नाही. १९७७ मध्ये तो उणे २९ च्या आसपास गेला होता, १९९५ पर्यंत अडीच मीटरच्या आसपास वर आला, नंतर पुन्हा उतरतोय आणि अलीकडच्या वर्षांत उणे २९ च्याही खाली गेलाय. नकाशावर ४ मीटर लिहिलंय तिथे आज ३ मीटरही नाही. दहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याचा स्तामुख्यांचा नकाशा आजच्या शेजारी ठेवला तर टेकण्याची रेषा खोल बाजूला सरकलेली दिसली पाहिजे. ती बर्फ जाड झाल्याची खूण नाही, पाणी ओसरल्याची आहे.

त्यावर वाऱ्याची भर-ओसर. हा समुद्र इतका उथळ आणि सपाट आहे की जोराचा वारा टिकला तर पातळी एखाद्या मीटरने, कधी त्याहून जास्त, चढते किंवा उतरते. चढलेल्या पाण्यावर वरंबा उथळ जागी वाहत येतो, पाणी उतरलं की तिथेच बसतो. मग नकाशाच्या हिशोबाने जिथे तो येऊच शकत नाही तिथे तो सापडतो. म्हणून एकच खोली लावू नका. त्या दिवशीची पातळी अधिक-उणे एक मीटर असा पट्टा धरा आणि 'टेकणं शक्य', 'टेकणं संभवत नाही' असं लिहा. निर्णय जागा सोडली का यावरच द्या.

सरीवरंबा

मापपट्टी यांच्याशी पूर्ण सहमत. उलट दिशेनेही हे उपयोगी आहे: स्तामुख्यांचे ठिपके म्हणजे तळावरच्या उंचवट्यांच्या जागा. दरवर्षी त्याच जागी बसत असतील तर खालचा उंचवटा नकाशापेक्षा वर आहे असं समजायला हरकत नाही.

टेकण्याआधी कील तळाला ओरखडतो, तो ओरखडाही उपग्रहातून दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये लँडसॅट ८ ने उत्तर कास्पियनमधल्या तुलेनी द्वीपसमूहाभोवतीच्या, जेमतेम तीन मीटर पाण्यात, समुद्रतळावर शेकडो आडव्यातिडव्या रेघा टिपल्या. पाहणाऱ्यांना आधी कोडं पडलं. मॉस्को विद्यापीठाचे स्तानिस्लाव ओगोरोदोव यांनी त्या बर्फाने ओढलेल्या चरांच्या असल्याचं सांगितलं. जानेवारीतल्या चित्रात बर्फाचे तुकडे अशाच रेघांच्या टोकांशी उभे दिसतात. नांगराची सरी आणि तिच्या टोकाला थांबलेला नांगर एकाच शेतात पाहावा, तसं.

हे चर टिपायचे तर बर्फ गेल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे, वारा पडलेला असताना, निळा आणि हिरवा पट्टा. एकदा लाटांनी गाळ ढवळला की दिसत नाहीत. चराची दिशा आणि त्या हिवाळ्यातल्या शेपट्यांची दिशा जुळते का पाहा. समुद्रतळाखालून तेलवाहिनी नेणाऱ्यांना या चरांची खोली हवी असते, ती मात्र चित्रातून मिळत नाही. तिला उन्हाळ्यात बोटीवरून ध्वनिमापनच लागतं.

रडारघाट

निसारचा उल्लेख राहिला. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. एल-बँडची लाट सुमारे २४ सेंटीमीटर, एस-बँडची सुमारे ९, पट्टा २४० किमी, पुन्हा भेट १२ दिवसांनी. वरंब्यासाठी एल-बँड सी-बँडपेक्षा (सेंटिनेल-१ ची लाट) सरस. लांब लाटेला तुषारफुलं, बारीक खरखर जवळजवळ दिसतच नाही, सपाट बर्फ गडद राहतो, आणि अर्ध्या-पाऊण मीटरच्या ठोकळ्यांचं डबर मात्र उजळतं. तुमच्या चौकटीत कोणता बँड, कोणत्या ध्रुवीकरणात टिपलाय ते मागणी करण्याआधी पाहा.

जखडलेल्या (किनाऱ्याला किंवा तळाला धरून राहिलेल्या) बर्फाच्या पट्ट्यात १२ दिवसांच्या दोन चित्रांची इंटरफेरोमेट्रीही (दोन चित्रांतल्या लाटांच्या फरकावरून सरकणं मोजणं) करून पाहण्याजोगी आहे. सेंटिनेल-१ मध्ये एक पूर्ण रंगपट्टी म्हणजे रडारच्या दिशेने २.८ सेंटीमीटर सरकणं. स्तामुख्यांनी घट्ट धरलेल्या भागात पट्ट्या विरळ, त्यांच्या बाहेर दाट, आणि वाहत्या बर्फात नुसता गोंगाट. जखडलेला बर्फ कुठे सुरक्षित आहे ते यातून कळतं.

फोटॉनमाळ

लेझर आणि रडार जुळवताना वेळेचं पाहा. वाहता बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण २ टक्क्यांनी सरकतो. १० मीटर प्रतिसेकंद वारा असेल तर तासाला ७०० मीटर. सहा तासांनी चार किलोमीटर. तरंगत्या वरंब्याची जोडी तासाभराच्या आतलीच धरा, स्तामुख्याला आठवडाभर चालतं.

किलोमीटरमागे किती वरंबे हे काढलं की त्याला पाय (π) भागिले दोनने, म्हणजे १.५७ ने, गुणलं की चौरस किलोमीटरमधली वरंब्यांची लांबी मिळते. हे सूत्र वरंबे सगळ्या दिशांना सारखे विखुरलेले असतील तरच खरं. किनाऱ्याला किंवा बांधाला समांतर रांगा लागल्या असतील तर उत्तर फसवं, तिथे रांगांची दिशा रडारमधून घेऊन किरणाच्या छेदकोनाने दुरुस्ती करा. उंचीची सरासरी काढताना टेकलेले आणि तरंगते एकत्र करू नका. दोघांची वर्तणूक दोन वेगळ्या कारणांनी ठरते.

खाडीकाठ

हा नकाशा फक्त तेलवाल्यांच्या कामाचा नाही. कास्पियन सील जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत याच बर्फावर पिल्लं घालते. ही सील दुसऱ्या कुठल्याही समुद्रात नाही आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यातल्या प्रजातींत आहे. डबराच्या आडोशाला आणि भेगांच्या कडेला त्यांची वस्ती सापडते. बर्फफोडी जहाजांच्या वाटा आखताना वरंब्यांच्या थरासोबत जानेवारी-फेब्रुवारीचा वेगळा थर ठेवलात तर त्या वाटा पिल्लांपासून दूर ठेवता येतील. कृपया तो ठेवाच.

उत्तरवारा

सगळ्यांचे आभार. रेंज-डॉप्लर लावल्यावर चढता-उतरता फरक एका पिक्सेलवर आला. नकाशात आता तीन वर्ग: टेकलेला (सहा किंवा जास्त चित्रांत जागेवर), संशयित (तीन ते पाच), तरंगता. कीलचा रकाना काढून टाकलाय.

एक शेवटची शंका. संशयितांपैकी काही ठिपके पहिल्या चार चित्रांत आहेत आणि नंतर नाहीतच. ते टेकलेले धरायचे का?

सरीवरंबा

धरायचे, पण तारखांसकट. प्रत्येक ठिपक्याला पहिल्यांदा दिसल्याची आणि शेवटची दिसल्याची तारीख जोडा. नाहीसा झाला त्या दोन चित्रांमधल्या काळात पाणी चढलं होतं का, हे वाऱ्याच्या नोंदीत पाहा. चढलं असेल तर तो सुटून वाहत गेला. वाऱ्याच्या पुढच्या बाजूला तसाच नवा ठिपका उगवलाय का ते शोधा, आणि एप्रिलमध्ये त्या दोन जागांच्या मधल्या पट्ट्यात चर दिसतो का ते बघा.